यंत्राचे मनोगत : कानांनी वाचलेले

'आत्मवृत्त' हा निबंधप्रकार प्रत्येक शाळकरी मुलाच्या परिचयाचा असतो. मोडकी छत्री, फाटके पुस्तक, वठलेला वटवृक्ष किंवा अडगळीत पडलेले घड्याळ एकाएकी बोलू लागते, आपली करुण कहाणी सांगते, आणि दीड पानाच्या अखेरीस मालकाला उदार मनाने क्षमा करून पुन्हा मौन धारण करते. असे शेकडो निबंध तपासण्याचा योग प्रस्तुत लेखकास आजवर आला. तथापि मालकास मनातून कंटाळलेली, त्याच्या नजरेला नजर देण्याचे टाळणारी आणि संधी साधून करमणुकीच्या मालिका पाहत बसणारी वस्तू त्यांपैकी एकाही निबंधात भेटली नाही. ती भेटली एका इंग्रजी कादंबरिकेत. आणि तीही डोळ्यांनी वाचलेल्या नव्हे, कानांनी ऐकलेल्या.

ह्या कादंबरिकेचे नाव 'ऑल सिस्टिम्स रेड'. मार्था वेल्स ह्या अमेरिकन लेखिकेने ती लिहिली आणि २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. पुढील वर्षी विज्ञानकथेच्या जगात मानाचे समजले जाणारे ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले. 'मर्डरबॉट डायरीज' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालेतील हे पहिले पुस्तक होय. त्याची श्राव्य आवृत्ती केव्हिन आर. फ्री ह्या नटाने एकट्याने वाचली असून ती सुमारे सव्वातीन तासांत संपते. म्हणजे एखाद्या रविवारी दुपारच्या जेवणानंतर ऐकावयास बसलो, तर चहा होऊन दिवेलागणीच्या आत पुस्तक पुरे होते.

कथेकडे वळण्यापूर्वी यंत्रमानवाच्या पूर्वजांची थोडी ओळख करून घेणे इष्ट ठरेल, कारण ती नसेल तर ह्या पुस्तकातील निम्मा विनोद हातातून निसटतो. 'रोबोट' हा शब्द जगास दिला तो चेक नाटककार कारेल चापेक ह्यांनी, १९२० साली लिहिलेल्या 'आर. यू. आर.' ह्या नाटकात. आणि चापेक ह्यांना तो सुचविला त्यांचे चित्रकार बंधू योसेफ ह्यांनी. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. तेव्हा रोबोट ह्या शब्दाचे खरे मराठी भाषांतर 'वेठबिगार' असेच व्हावयास हवे. 'यंत्रमानव' हा आपला शब्द अधिक सभ्य आहे, परंतु त्यात वेठीचे दुःख उतरलेले नाही. चापेक ह्यांच्या नाटकातील वेठबिगार अखेर बंड करतात आणि मानवजातीचा संहार करतात. ही भीती पुढे कित्येक वर्षे यंत्रमानवाच्या कथांवर सावलीसारखी पसरून राहिली. १९४२ साली आयझॅक असिमॉव्ह ह्यांनी 'रनअराउंड' ह्या कथेत यंत्रमानवांसाठी तीन नियम घालून दिले, तेव्हा कुठे यंत्राला शिस्त लागली. १९७८ साली बी. बी. सी.च्या नभोवाणीवरून डग्लस अ‍ॅडम्स ह्यांची 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही श्रुतिका प्रसारित झाली आणि तीत मार्व्हिन नावाचा कायम खिन्न असलेला यंत्रमानव श्रोत्यांस भेटला. त्याचा मेंदू ग्रहाएवढा प्रचंड, आणि त्याच्या वाट्यास येणारी कामे हलकी व पोरकट. त्याच्या रडक्या स्वराने लोकांस मनसोक्त हसविले. विनोदी यंत्रमानव लोकांच्या मनात ठसला तो असा आवाजाच्या रूपाने, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता 'ऑल सिस्टिम्स रेड'. भविष्यकाळी कधी तरी, एका परक्या ग्रहाच्या पाहणीसाठी शास्त्रज्ञांची एक लहानशी तुकडी आलेली आहे. विम्याची सोय करणाऱ्या कंपनीची अट अशी, की तुकडीने कंपनीकडून एक सुरक्षा-यंत्र भाड्याने घेतलेच पाहिजे. हे यंत्र अर्धे धातूचे, अर्धे मांसपेशींचे. त्याचा चेहरा मनुष्याचा, पण तो बहुधा शिरस्त्राणाच्या काळ्या काचेआड. त्याच्या अंतर्भागात एक नियामक बसविलेला असतो. आज्ञाभंग झाला की तो यंत्रास शिक्षा करतो. कंपनी अशी कंजूष, की सर्वांत स्वस्त माल पुरविणाऱ्यासच कंत्राट द्यावयाचे. त्यामुळे तिच्या वस्तूंचा भरवसा नाही, आणि नियामकाचाही नाही. आपल्या कथानायकाने तो गुपचूप निकामी करून टाकला आहे.

इथे चापेक ह्यांचे नाटक जाणणारा वाचक सावरून बसतो. बंधन तुटले; आता संहार! यंत्राने स्वतःस नावही 'मर्डरबॉट', म्हणजे खुनी यंत्र, असेच घेतलेले. परंतु होते काय? कंपनीच्या उपग्रहांवरून येणाऱ्या शेकडो मनोरंजन-वाहिन्या आता आपणांस बिनदिक्कत पाहता येतील, असा शोध त्याला लागतो. तेव्हापासून पस्तीस हजारांहून अधिक तास उलटले. संहार काही झाला नाही, आणि ह्या तासांतील बहुतेक सर्व तास नाटके, चित्रपट, पुस्तके, संगीत आणि मालिका ह्यांत गेले. गणिताची आवड असणाऱ्यांनी भागाकार करून पाहावा : पस्तीस हजार तास म्हणजे जवळजवळ चार वर्षे, रात्रंदिवस. यंत्राची आवडती मालिका एकच, 'सँक्च्युअरी मून'. तिचे भाग ते पुनःपुन्हा पाहते. नियामक तुटल्याचे कोणास कळले, तर आपल्याला मोडून आपले सुटे भाग करतील, ह्या भयाने ते कामाचा देखावा मात्र नेमाने करीत राहते.

आता मुख्य प्रश्न. ही कथा छापील पानावरही वाचता येते. मग ती ऐकण्यात विशेष काय?

पहिले कारण असे, की ही कथा दोन आवाजांत चालते. एक यंत्राचा मनातला आवाज आणि दुसरा त्याचा तोंडचा. तोंडाने ते विचारलेल्या प्रश्नाचे अगदी मोजके, अदबशीर उत्तर देते. मनात त्याच वेळी चिडचिड, कंटाळा, लाज आणि मालिकेचा अर्धवट राहिलेला भाग ह्यांची गर्दी उसळलेली असते. तुकडीतील माणसांस केवळ पहिला आवाज ऐकू येतो. दोन्ही आवाज ऐकू येतात फक्त आपल्याला. पानावर हा भेद अवतरणचिन्हांनी दाखविला जातो. श्राव्य पुस्तकात तो वाचणाऱ्याच्या स्वरावरून कळावा लागतो. फ्री ह्यांचा स्वर कोरडा आणि किंचित वैतागलेला आहे. हसू यावे म्हणून ते कोठेही खटपट करीत नाहीत, आणि म्हणूनच ते येते. सीमाभागात वा परप्रांतात वाढलेल्या आपल्या मुलांस हे द्वैत समजावून सांगण्याची गरज नाही. दुकानात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि मनात तिसरी चालविण्याची सवय त्यांस उपजतच असते.

दुसरे कारण कंसांचे. वेल्स ह्यांच्या लिखाणात कंस फार. यंत्र काही तरी सांगते आणि मध्येच कंस उघडून स्वतःच्याच बोलण्यावर शेरा मारते. डोळ्यांना कंस आधीच दिसतो. येथे काही तरी विनोद दडलेला आहे, अशी सूचना तो देऊन टाकतो. कानांना कंस दिसत नाही. आवाज अंमळ खाली उतरतो, वाक्य वाट सोडून बाजूस जाते, आणि पुन्हा मूळ वाटेवर येते, इतकेच. मराठी श्रोत्यास ही चाल परकी नाही. कीर्तनकारबुवा आख्यान थांबवून टाळकऱ्याकडे वळून जे एखादे वाक्य टाकतात, तो कंसच असतो. पु. ल. देशपांडे ह्यांचे एकपात्री प्रयोग ज्यांनी ध्वनिमुद्रणावर ऐकले असतील, त्यांना ठाऊक असेल की सभागृहातील हास्याची लाट पुष्कळदा मुख्य वाक्यावर न उठता अशा बाजूच्या वाक्यावर उठते. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार ह्यांनी कथाकथनाने गावोगावच्या श्रोत्यांस जे वेड लावले, त्यातही कथेइतकाच वाटा त्यांच्या थांबण्याच्या जागांचा होता.

थांबण्याच्या जागा हेच तिसरे कारण, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. डोळा अधीर असतो. तो परिच्छेदाच्या शेवटाकडे चोरून पाहून घेतो आणि विनोदाचा टोला पडण्याआधीच तो कोठे पडणार हे जाणतो. कानाला अशी चोरी करता येत नाही. वाचणारा थांबला की त्यालाही थांबावेच लागते. उदाहरणार्थ एक प्रसंग घेऊ. विवरात काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांवर एक प्रचंड जनावर हल्ला करते. यंत्र त्यांतील एकीला जबड्यातून सोडविते, आणि ह्या धुमश्चक्रीत त्याचे स्वतःचेही लचके तुटतात. दुसरा शास्त्रज्ञ भयाने जागच्या जागी गोठला आहे. तेव्हा यंत्र आपले शिरस्त्राण मागे सारते, त्याला मनुष्याचा चेहरा दिसू देते, आणि हळुवार बोलत बोलत त्याला उतारावरून वर घेऊन येते. पुढे तुकडीची प्रमुख डॉक्टर मेन्सा कृतज्ञतेने त्याला म्हणते, की तुला हवे असल्यास तू इथे आम्हा सर्वांबरोबर बसत जा. सर्व जण स्मितमुखाने त्याच्याकडे पाहतात. त्या क्षणी यंत्राच्या अंगावर चिलखत नाही, मुखावर काळी काच नाही, आणि चेहऱ्यावरचे भाव लपविण्याची सवय तर मुळीच नाही. त्याच्या मुखावर जी भीती प्रकटते ती पाहून बिचारी मेन्साच दचकते आणि घाईघाईने आपले आमंत्रण मागे घेऊ लागते. जनावराच्या जबड्यात शिरताना न डगमगलेले हे यंत्र गप्पांच्या बैठकीला भिऊन पळ काढते! हा प्रसंग पानावर वाचताना हसू येते खरे. पण ऐकताना आमंत्रण आणि पलायन ह्यांच्यामध्ये जी अवघडलेली निःशब्द घटका असते, ती आपणही त्या खोलीत उभे राहून भोगतो. पाहुण्यांसमोर 'बाळ, एखादे गाणे म्हणून दाखव बरे' असे फर्मान ज्याने बालपणी ऐकले आहे, त्याला यंत्राची बाजू तात्काळ पटेल.

म्हणूनच एक सूचना करावीशी वाटते. हल्ली श्राव्य पुस्तके दीडपट वा दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय असते आणि पुष्कळ मुले तिचा अभिमानाने उपयोग करतात. इतिहासाच्या उजळणीस ती चालेल. विनोदास मात्र ती मारक आहे, कारण वेग वाढविला की शब्द शिल्लक राहतात आणि विराम मरतात.

श्राव्य पुस्तकांविषयी एक गैरसमज असा, की हे आळशी वाचकांसाठी काढलेले खूळ आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. थॉमस एडिसन ह्यांनी १८७७ साली ध्वनिलेखन-यंत्र तयार केले, तथापि संपूर्ण पुस्तक ध्वनिमुद्रित करण्याची निकड प्रथम भासली ती अंधांसाठी. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात 'बोलकी पुस्तके' तयार होऊ लागली. इंग्लंडमधील अंधांच्या राष्ट्रीय संस्थेने १९३५ साली जी पहिली पुस्तके तबकड्यांवर आणली, त्यांत अगाथा ख्रिस्ती ह्यांची एक रहस्यकथा आणि जोसेफ कॉनरॅड ह्यांची 'टायफून' ही समुद्रकथा होती. तबकडीच्या एका बाजूस सुमारे पंचवीस मिनिटांचा मजकूर मावे, आणि एका कादंबरीस दहाएक तबकड्या लागत. आज तेच पुस्तक खिशातील दूरध्वनीत मावते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी आणि ब्रेल लिपी बोटांस सहज न साधलेल्या प्रौढांसाठी हा खटाटोप झाला, हे आपण विसरता कामा नये.

पुन्हा मर्डरबॉटकडे येऊ. इंग्रजीत ह्या यंत्राचा उल्लेख 'तो' किंवा 'ती' असा न होता नपुंसकलिंगी सर्वनामाने होतो. इंग्रजी कानास माणसासारख्या प्राण्याविषयी हे सर्वनाम खटकते. त्यात वस्तू लेखल्याचा तुच्छभाव येतो. यंत्राला मात्र तेच हवे आहे, कारण स्त्री अथवा पुरुष होण्याची त्यास तिळमात्र हौस नाही. मराठीत ही अडचण मुळातच नाही. आपल्याकडे मूल नपुंसकलिंगी, लेकरू नपुंसकलिंगी, वासरू आणि पिल्लूही नपुंसकलिंगी; आणि ह्या शब्दांत तुच्छता तर नाहीच, उलट माया आहे. 'ते पाहा कसे कोपऱ्यात तोंड फिरवून उभे आहे' असे मर्डरबॉटविषयी मराठीत म्हटले, तर ऐकणाऱ्यास एखादे बुजरे लेकरू डोळ्यांपुढे दिसेल. ह्या मालेचे मराठी भाषांतर करू पाहणाऱ्यास भाषेने आधीच दिलेली ही देणगी आहे.

एक आक्षेप मात्र इथे नोंदविला पाहिजे. यंत्रास लिंग नसले, तरी वाचणाऱ्याच्या कंठास ते असतेच. फ्री ह्यांचा आवाज पुरुषाचा आहे आणि पाच-दहा मिनिटांत श्रोत्याच्या मनात यंत्रही नकळत पुरुष होऊन बसते. छापील पुस्तक हा निर्णय वाचकावर सोडते. श्राव्य पुस्तक तो आपल्यावतीने घेऊन मोकळे होते. ही उणीव खरी आहे आणि तिला उपाय नाही. ह्याच पुस्तकाची अनेक नटांनी मिळून सादर केलेली, पार्श्वध्वनींनी सजविलेली नाट्यरूप आवृत्तीही निघाली आहे. ती रंगतदार असेल. परंतु मला एकट्याच्या वाचनाकडेच झुकावेसे वाटते. कारण सरळ आहे. ही यंत्राची दैनंदिनी आहे. तीत मेन्सा, रत्थी वा गुराथिन ही माणसे आपणांस दिसतात ती यंत्राच्या नजरेतून, आणि त्यांचे बोलणे ऐकू यावयाचे तेही त्याच्या त्रासिक स्वरात मिसळूनच. प्रत्येकास स्वतंत्र आवाज दिला, की खोलीत माणसे वाढतात, आणि यंत्राला तर नेमका त्याचाच त्रास! २०२५ साली ह्या पुस्तकावरून चित्रमालिकाही तयार झाली. मालिकांच्या नादी लागलेले यंत्र स्वतःच मालिका होऊन बसले.

ह्या हास्याच्या तळाशी काय आहे, तेही सांगितले पाहिजे. एरव्ही हे पुस्तक म्हणजे नुसता खेळ आहे, असा समज होईल. गुराथिन ह्या शास्त्रज्ञास यंत्राचा संशय येतो. तो त्याची अंतर्यंत्रणा तपासतो आणि सर्वांसमक्ष दोन गुपिते उघड करतो : ह्याचा नियामक निकामी आहे, आणि पूर्वी एका खाणीवर ह्याने सत्तावन्न माणसे मारली आहेत. एवढा वेळ हसत असलेल्या श्रोत्याच्या घशाशी हसू अडकते. यंत्राचे उत्तर थोडक्यात असे, की त्या वेळी त्याच्या अंगातील नियामकच बिघडला आणि त्याचा स्वतःवरील ताबा सुटला. पुढे बसविलेला नवा नियामक त्याने मोडला, तो असे पुन्हा घडू नये म्हणून. चापेक ह्यांच्या नाटकापासून चालत आलेली भीती इथे उलटी होते. नियामक बसविलेले यंत्र धोक्याचे ठरले, आणि नियामक मोडलेले यंत्र मालिका पाहत बसले. 'खुनी यंत्र' हे नाव, जे आरंभी विनोद म्हणून कानांवर आले होते, ते ह्या प्रसंगानंतर पुन्हा ऐकून पाहावे. वाचणाऱ्याचा स्वर तोच असतो. ऐकणारा मात्र तोच राहिलेला नसतो.

कथेत मारामारी आहे, रक्तपात आहे, आणि काही अपशब्दही आहेत. म्हणून हे पुस्तक वरच्या वर्गांतील मुलांनीच ऐकावे, लहानांनी नव्हे. मराठी माध्यमातून शिकणाऱ्यास अमेरिकन उच्चार प्रारंभी अडतील. त्यावर साधा उपाय असा, की पहिली दोन प्रकरणे छापील पुस्तक समोर ठेवून ऐकावीत. एकंदर प्रकरणे आठच आहेत, वाक्ये लहान आहेत, आणि यंत्र अलंकारिक भाषा बोलत नाही. तिसऱ्या प्रकरणापासून डोळ्यांनी पुस्तक मिटले तरी चालते.

शेवट सांगितल्याने ह्या कथेची गोडी उणावत नाही, म्हणून सांगतो. संकट टळल्यावर डॉक्टर मेन्सा ते यंत्र कंपनीकडून विकत घेते. तिच्या देशात अशा यंत्रांना बंदिवान करीत नाहीत. त्यास घर मिळेल, शिकता येईल, हवे ते होता येईल. कायद्यापुरता एक पालक मात्र असेल. मेन्सा भली आहे, तिचे मन निर्मळ आहे, ह्याविषयी यंत्रास शंका नाही. पण 'पालक' हा 'मालक' ह्याचाच अधिक गोड पर्याय नव्हे काय, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. इंग्रजीत ह्या दोन शब्दांचे एकमेकांशी काही नाते नाही. मराठीत त्यांत एकाच अक्षराचे अंतर आहे. रात्री सर्व निजलेले असताना ते साधे कपडे घालून बंदरावर जाते, एका मालवाहू अंतराळयानास आपल्या मालिकांच्या साठ्यात वाटेकरी करून घेते आणि निघून जाते. सव्वातीन तास जे आपण ऐकत होतो ते आपल्यासाठी नव्हतेच, हे अगदी शेवटच्या वाक्यांत कळते. ते मेन्साच्या नावे लिहिलेले पत्र होते.